तरक्याची यादी

आमची बडी खाला २०१९ च्या पावसाळ्यात वारली. नागपूरच्या मोमीनपुऱ्यातले दोन खोल्यांचे भाड्याचे घर तिने लग्नापासून, म्हणजे १९६२ पासून, सांभाळले होते. मूलबाळ नव्हते. खालू तिच्या आधी बारा वर्षे गेले. तीजाच्या दिवशी कुरआनखानी आटोपून माणसे पांगली तोच घरमालकाचा मुलगा आला आणि महिनाअखेर खोल्या मोकळ्या कराव्यात, असे खाली मान घालून सांगून गेला. त्याचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. पण तो गेल्यावर सतरंजीवर बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न आला, "सामान का क्या करना?"

सामान फार नव्हते आणि तरीही फार होते. निवारीचा पलंग. आरशाचे सागवानी कपाट, त्याच्या एका पायाखाली वीट. दोन लोखंडी संदूक. तांब्याची देग, पितळी पानदान, पायाने चालवायची शिलाई मशीन, बंद पडलेला मर्फी रेडिओ, 'शमा' आणि 'बीसवीं सदी' या मासिकांचे सुतळीने बांधलेले गठ्ठे. मामूंच्या मुलांनी नव्या वस्तीत फ्लॅट घेतले आहेत, तिथल्या जिन्यातून ते कपाट चढणार नव्हते. छोटी खाला अमरावतीला, तिच्या घरी आधीच दोन पलंग. आम्ही कामठीला नोकरीमुळे, तेही भाड्याच्या घरात. मामूंनी शाळेच्या जुन्या वहीतून एक ताव फाडला आणि आमच्यासमोर ठेवला. म्हणाले, "बेटा, तू मास्टर है, तू लिख." आम्ही लिहायला बसलो. त्रेचाळीस ओळी झाल्या.

त्या यादीपायी आम्हाला पुढे बरेच वाचावे लागले. आम्ही शाळेत इतिहास शिकवतो. पाठ्यपुस्तकात एक बादशहा मरतो आणि पुढच्याच ओळीत दुसरा तख्तावर बसतो. मधल्या दिवसांत पहिल्याचा पलंग कोणी हलवला, कपडे कोणी मोजले, त्याच्या बायकांना विचारले की नाही, हे पुस्तक सांगत नाही. बी.एड.ला पाठ घेताना आम्हीही कधी विचारले नव्हते.

आधी शब्दच पाहा. मेलेल्याने मागे ठेवले ते 'तरका', हा अरबी शब्द. वऱ्हाड-मराठवाड्यात बोली बोलून विकण्याला जुनी माणसे 'हर्रास' म्हणतात, तोही मुळात अरबीतला. आणि ज्याला सगळा महाराष्ट्र मराठी समजतो तो 'लिलाव' पोर्तुगिजांनी आणला. आमच्या उर्दूतले 'नीलाम' त्याचेच भावंड. 'अलमारी'सुद्धा पोर्तुगीज. म्हणजे खालाच्या अलमारीचा लिलाव करायचा झाला तर वस्तू आणि व्यवहार दोन्ही एकाच गलबतातून उतरलेले!

शरिअतने तरक्याचा क्रम बांधून दिला आहे. पहिल्यांदा कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत, तीही एक तृतीयांशापर्यंतच, आणि उरलेले वारसांत. हा क्रम जमिनीला आहे तसा चमच्यालाही आहे. आपल्याकडे चाळिसाव्याच्या आत मय्यतीचे कपडे आणि अंथरूण गरिबाला देऊन टाकण्याची रीत आहे. हेतू चांगला. पण वारसांत कोणी अल्पवयीन असेल तर त्याच्या हिश्शातून कोणी खैरात करू शकत नाही, असे उलेमा पूर्वीपासून बजावत आले आहेत. लोक ऐकून घेतात आणि गाठोडे बांधून मोकळे होतात. सूरह निसामध्ये वाटणीच्या प्रसंगाविषयी आणखी एक गोष्ट आहे, जी हिश्शाचे अपूर्णांक शिकवणारे बहुधा गाळतात. वाटणीच्या वेळी वारस नसलेले नातेवाईक, यतीम आणि गरीब हजर असतील तर त्यांनाही त्यातले काही द्या आणि त्यांच्याशी भल्या शब्दांत बोला, असा तिचा आशय. म्हणजे दारात कोण उभे आहे तेही पाहायचे.

मोगल दरबारात मात्र हा क्रम राजाच्या सोयीने चाले. मोठा अमीर मेला की सरकारी माणसे त्याच्या हवेलीला मोहोर लावीत, सामानाची मोजदाद करीत, आणि सरकारचे येणे म्हणून पुष्कळसे खजिन्यात जाई. जहांगीरने १६०५ मध्ये तख्तावर बसताच बारा हुकूम काढले. मेलेल्याचा माल, तो मुसलमान असो वा नसो, त्याच्या वारसांना मिळावा, त्यात कोणी हात घालू नये, आणि वारस नसेल तर तो पैसा मशिदी, सराया, पूल, विहिरी यांवर खर्च व्हावा, असा त्यांतला एक. हुकूम उत्तम, पण अमिरांच्या हवेल्यांना मोहोर लागणे थांबले नाही. नाहीतर औरंगजेबाला १६६६ मध्ये पुन्हा त्याच विषयावर हुकूम काढावा लागला नसता. सरकारचे देणे नसलेल्या मनसबदाराचा माल वारसांना द्यावा आणि देणे असेल तर तेवढेच घ्यावे, असे त्यात सांगितले होते.

फ्रेंच प्रवासी बर्निये त्या काळात दिल्लीला होता. त्याने नेकनाम खान नावाच्या अमिराची हकीकत सांगितली आहे. या म्हाताऱ्याने मरण जवळ आलेले ओळखून आपली दौलत विधवांना आणि गरजूंना गुपचूप वाटून टाकली, आणि रिकाम्या पेट्यांत जुने लोखंड, हाडे, फाटके जोडे आणि चिंध्या भरून त्या मोहोरबंद केल्या. हा सारा माल शहाजहानचा आहे, असे सांगून ठेवले. तो मेल्यावर पेट्या भर दरबारात आणल्या गेल्या, सगळ्या अमिरांसमोर उघडल्या गेल्या, आणि बादशहा उठून चालता झाला. बर्निये मोगलांवर टीका करायला बसला होता, तेव्हा थोडे तिखट-मीठ असेलच. पण वर्गात ही गोष्ट सांगितली की सर्वांत मागच्या बाकावरची मुलेसुद्धा ऐकतात. मेलेल्या माणसाने आपल्या सामानाबद्दल स्वतः काही ठरवले आणि ते पार पडले, अशी दुसरी गोष्ट आम्हाला पटकन आठवत नाही.

औरंगजेबाच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या वसीयतीत स्वतः शिवलेल्या टोप्यांचे चार रुपये दोन आणे कफनाला आणि कुरआनच्या नकला करून मिळालेले तीनशे पाच रुपये फकिरांना, असा हिशोब आहे. ती खरी त्याचीच की मागाहून रचलेली, यावर अभ्यासकांत वाद आहे. १७०७ साली तो अहमदनगरजवळ वारला, खुलताबादला दफन झाला, एवढे नक्की.

मग इंग्रज आले आणि मेलेल्याच्या घरात शिरण्याची रीतच बदलली. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणला टिपू सुलतान पडला आणि त्याचे सामान 'लुटीचा माल' ठरले. माल वाटण्यासाठी फौजेचे प्राइज एजंट नेमलेले होते. त्यांनी सुलतानाचे सोन्याने मढवलेले सिंहासन फोडले. तुकडे केल्याशिवाय वाटणी कशी करणार? गव्हर्नर जनरल वेलस्लीला ते अखंड हवे होते, पण उशीर झाला होता. त्या सिंहासनाचे सोनेरी वाघाचे तोंड आणि वरचा रत्नजडित हुमा पक्षी आज विंडसरच्या राजवाड्यात आहेत. ग्रंथालयाचा बराच भाग कलकत्त्याला गेला, त्याची वर्णनात्मक सूची चार्ल्स स्टुअर्टने १८०९ मध्ये छापली. सुलतानाची म्हणून सांगितलेली एक तलवार २०२३ च्या मे महिन्यात लंडनच्या लिलावात १ कोटी ४० लाख पौंडांना गेली.

तलवारीची किंमत वर्तमानपत्रांनी छापली, तशी कपड्यांची गोष्ट कोणी छापत नाही. प्राइज एजंट टिपूचे कपडेसुद्धा लिलावात काढणार होते. तेव्हा श्रीरंगपट्टणचा कारभार आर्थर वेलस्लीकडे, म्हणजे पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या वेलिंग्टनकडे होता. त्याने ही विक्री अडवली आणि कपडे सरकारनेच विकत घ्यावेत असे सुचवले. गावातले नाराज मुसलमान ते पवित्र वस्तू म्हणून घेतील, ही त्याची भीती होती. असा लिलाव लाजिरवाणा ठरेल, हेही त्याने त्याच पत्रात लिहिले आहे. सोन्याच्या वाघाची ज्याला भीती वाटली नाही, त्याला अंगरख्यांची वाटली. आम्हाला हे वाचताना खालाच्या खुंटीवरचा बुरखा आठवला. यादीत तो आम्ही लिहिला नव्हता. अम्मीने तो न विचारता घडी करून आपल्या पिशवीत घातला आणि मामूंनीही पाहून न पाहिल्यासारखे केले.

आता आमच्या नागपूरची गोष्ट. टिपूचे राज्य निदान लढाईत गेले. नागपूरचे भोसले इंग्रजांचे दोस्त होते. तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले, पोटी मुलगा नव्हता. घरच्या बायकांनी यशवंतराव या मुलाला दत्तक ठरवले. डलहौसीने ते मानले नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. एवढे आमच्या पुस्तकात आहे, परीक्षेला दोन गुणांचे. त्यापुढे काय झाले ते आम्ही नोकरीला लागल्यावरच वाचले.

राज्य गेल्यावर घर उरले. त्या घरात रघुजींच्या विधवा होत्या, आणि सगळ्यांत वडील बांकाबाई. दुसऱ्या रघुजींची ही विधवा तेव्हा ऐंशीच्या घरात होती. जडजवाहीर, हत्ती, घोडे, बैल, गाड्या, राजवाड्यातले सामान, हे घराण्याचे खाजगी की राज्याचे, असा प्रश्न निघाला. सरकारने तो स्वतःच काढला आणि स्वतःच सोडवला. माल विकावा, पैशाचा 'भोसला फंड' करावा आणि त्यातून घराण्याचे चालवावे, असे ठरले. कागदावर यात अन्याय शोधणे कठीण. भल्यासाठीच चालले होते, बायकांना व्यवहार कळत नाही, पैसा उधळला जाईल! ही वाक्ये आपल्या घरांतही ऐकू येतात, त्यासाठी डलहौसी लागत नाही.

आज जेथे मेट्रोचे मोठे स्टेशन आहे त्या सीताबर्डीत राजाच्या हत्ती-घोड्यांची आणि बैलांची हर्रास झाली. जनावरे कवडीमोलाने गेली, गुरांच्या दलालांची चांदी झाली. नंतर पाळी राजवाड्यातल्या सामानाची. तेव्हा बांकाबाईने निरोप धाडला की सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन. ही बाई उतावळी नव्हती. तिचा शहाणपणा आणि संयम यांची साक्ष इंग्रजांनीच दिली आहे. राज्य गेले तेव्हा तिने अर्ज-विनंत्या केल्या. जनावरे गेली तेव्हाही ती इतक्या थराला गेली नव्हती. पण माणसे पलंग आणि पेट्या उचलायला आत शिरणार म्हटल्यावर ती आग लावायला निघाली. राज्य दरबारात असते आणि पलंग खोलीत असतो, एवढाच फरक आम्हाला दिसतो.

सामान हलवले गेलेच. थोडेबहुत ठेवून बाकी दागिने कलकत्त्याच्या बाजारात विक्रीला गेले. जॉन विल्यम के या इंग्रज इतिहासकाराने १८५७ च्या उठावाचा इतिहास लिहिताना हा प्रसंग कारणांच्या यादीत घातला आहे. नागपूर खालसा झाल्यापेक्षा या विक्रीने आसपासच्या मुलखात जास्त वाईट नाव झाले, असे त्याचे मत. १८५७ मध्ये बांकाबाई इंग्रजांच्या बाजूनेच राहिली आणि १८५८ मध्ये वारली. महालातला तो काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाचा वाडा १८६४ मध्ये जळाला आणि मोठा दरवाजा तेवढा उरला, असे जुन्या गॅझेटियरात आहे. सामान राहिले असते तरी जळालेच असते, असे कोणी म्हणेल. म्हणोत.

दिल्लीचे येथे थोडक्यात सांगतो. १८५७ च्या सप्टेंबरात शहर पडल्यावर प्राइज एजंटांनी कुदळी घेऊन घरोघरच्या भिंती आणि जमिनी उकरल्या. लाल किल्ल्यातल्या बादशाही ग्रंथालयातली उरलीसुरली हस्तलिखिते १८५९ मध्ये सरकारने लिलावात घेतली. ती १८७६ मध्ये लंडनला गेली आणि आज ब्रिटिश लायब्ररीत 'दिल्ली संग्रह' म्हणून आहेत. निदान ती विकत घेणारे कोणीतरी होते. खालाच्या 'शमा'चे गठ्ठे रद्दीवाल्याने किलोवर घेतले.

आणि आता यादीकडे. त्रेचाळीस ओळींतली सतरावी ओळ आम्ही अशी लिहिली होती : 'शिलाई मशीन, एक नग, पट्टा तुटलेला'. या मशीनवर खालाने शेजारपाजारचे कपडे शिवून खालूंच्या आजारपणात घर चालवले. शेवटची आठ वर्षे ती चालवत होती खालूंच्या भावाची नात. आईबाप लहानपणीच गेलेली ही मुलगी खालाकडे राहून शिकली, आणि तिचे हागणे-मुतणे शेवटी तिनेच काढले. आदल्या रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी खाला म्हणाली होती, "मेरे बाद ये मशीन इसकी." अम्मीने ऐकले होते. आम्हीही ऐकले होते.

मुलगी खालाची वारस नव्हे. वारस तीनच : मामू, अम्मी आणि छोटी खाला. पण वारस नसलेल्यालाच तर वसीयत करता येते, तोंडीही करता येते, आणि सबंध सामानाच्या मानाने एक जुनी मशीन तृतीयांशाच्या पुष्कळच आत बसत होती. वाटणीच्या आधी ती बाजूला काढायला हवी होती. हे सगळे आम्ही आता इतक्या सफाईने लिहितो आहोत. त्या दिवशी मामू घाईत होते, टेम्पो दारात होता, भंगारवाल्याने सगळ्याचा मिळून एकच भाव दिला होता, अकरा हजार सहाशे. एखादी वस्तू काढली की तो भाव मोडणार. आम्ही सतरावी ओळ वाचून दाखवली आणि अठरावीकडे वळलो. अम्मीने आमच्याकडे पाहिले. मामू वडीलधारे, त्यांच्यासमोर तोंड कसे उघडायचे, ही आमची सबब. मुलगी त्या वेळी आतल्या खोलीत भांडी घासून पुसून देत होती, विकण्यासाठी.

वाटणी मात्र शरिअतप्रमाणे पैशा-पैशाने केली. भावाला दोन हिस्से, बहिणींना एकेक. मामूंना पाच हजार आठशे, अम्मीला दोन हजार नऊशे, छोट्या खालालाही तेवढेच. बहिणींकडून हक माफ करून घेण्याची आपल्या घरांतली जुनी खोड आम्ही चालू दिली नाही, म्हणून त्या संध्याकाळी आम्ही स्वतःवर खूशही होतो.

तीन आठवड्यांनी मुलीचा फोन आला. ती तेव्हा मावशीकडे कामठीलाच राहायला आली होती. तिने तक्रार केली नाही. विचारले, "भाईजान, मशीन किधर रखे?" तिला वाटले होते की आम्ही ती कोणाच्या तरी घरी सांभाळून ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या भंगारवाल्याकडे गेलो. मशीनचे वरचे मुंडके गेले होते, कोणाकडे ते त्याला आठवत नव्हते. खालचा बिडाचा पायटा एका फर्निचरवाल्याने घेतला होता. वर फळी ठोकून त्याचे टेबल होते आणि हॉटेलवाले हौसेने घेतात, अशी माहिती त्याने आनंदाने दिली. आमच्या खालाच्या पायांनी सत्तावन्न वर्षे हललेल्या त्या लोखंडावर आता कुठेतरी लोक कॉफी पीत असतील.

अम्मीने आपले दोन हजार नऊशे मुलीला दिले. आम्ही आमच्या पगारातून भर घातली आणि नवी मशीन आली. मुलीने ती घेतली. शुक्रिया म्हणाली. नव्या मशीनवर बसण्याआधी तिने आपल्या पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात खालाच्या बॉबिनी, सुया आणि खडूचा तुकडा होता. तो डबाही यादीत नव्हता. कसा राहून गेला कोण जाणे, की तिने तो आधीच उचलून ठेवला होता.

मामू २०२२ मध्ये वारले. त्यांच्या मुलांनी फ्लॅटच्या हॉलमध्ये सतरंजी घातली आणि कागद पुन्हा आमच्याच पुढे सरकवला. आम्ही पेनाचे टोपण काढले नाही. आधी विचारले, मामू कोणाला काही द्यायचे बोलून गेले होते का? कोणी काही बोलेना. मग धाकटी सून दारातून म्हणाली की खालच्या वॉचमनला ते आपले घड्याळ देणार म्हणत होते. मोठ्या मुलाने तिच्याकडे जरा रोखून पाहिले. आम्ही कागदाच्या अगदी वर, नंबर न घालता, घड्याळ लिहिले.